कमरेला बांधलेलं कोहळं

माझ्या बापाला बढाया मारायची सवय होती, आणि त्या सवयीपायी मला सासरी पहिली दोन वर्षं मान खाली घालून काढावी लागली. बढाई तशी साधीच. लग्नाच्या बोलणीत, पानसुपारी झाल्यावर, दोघं व्याही शेतीभातीचं बोलत बसले होते. सासऱ्यांनी आपल्या कपाशीचं कौतुक केलं. माझा बाप मागे राहतो काय! म्हणाला, "आमच्या अंगनातलं कोहळं उचलाले दोन मानसं लागते, खांद्यावर दांडा घेऊन." कोहळं म्हणजे लाल भोपळा, आमच्या वऱ्हाडात त्याला कोहळंच म्हणतात. सासरे मांडीवर थाप मारून हसले. "व्याहीबुवा, दोन मानसं कायले, बैलगाडीच जुंपा ना!" सगळी बैठक हसली. बाप हसला नाही. तो खरं बोलत होता, पण त्या साली वेलावर रोग पडला होता आणि दाखवायला अंगणात काहीच नव्हतं.

लग्न होऊन मी धनजच्या अलीकडच्या एका खेड्यात आले, तर ते कोहळं माझ्याआधीच तिथं येऊन बसलेलं. मी पाण्याची घागर उचलली की सासरे ओसरीवरून विचारत, "काय सूनबाई, एकटीनं उचलते? का दुसरं मानूस बलावू?" दुधी आणला तरी तेच, जवारीची पायली उचलली तरी तेच. माणूस वाईट नव्हता हो, चेष्टेखोर होता. पण मी जात्याच तापट. बापाला कुणी हसलं की माझ्या कानशिलापर्यंत आग व्हायची. सुनेनं सासऱ्याला उलट बोलायचं नसतं म्हणून मी ती आग चुलीत फुंकून टाकत असे. भाकरी करपल्या की सासू म्हणे, "आज कोनाचा राग काढून राह्यली वं त्या तव्यावर?"

तिसऱ्या संक्रांतीला मी माहेरी गेले. माहेर शेलूबाजाराच्या अंगाला. परत निघताना बापानं एक चिंधीची पुरचुंडी हातात दिली. आत पाच बिया होत्या, अंगठ्याएवढ्या, पांढऱ्या, कडेला पिवळी किनार असलेल्या. तो म्हणाला, "बाकी साऱ्या उंदरानं खाल्ल्या. येवढ्याच उरल्या. तुह्या सासरच्या अंगनात लाव. मी खोटा मानूस नाई, हे त्याईले एकडाव दिसू दे." आणि मग दुसरीकडे बघत धोतराचा सोगा झटकत बसला. माझा बाप कधी कुणापुढे ओशाळलेला मी पाहिला नव्हता. मला फार वाईट वाटलं, गाडीत बसल्यावर मी पोटभर रडून घेतलं.

त्यानं लावायची रीतही सांगून ठेवली होती. पावसाळ्यातल्या कोहळ्याचं पाण्यानं बूड सडतं, ते मोठं होत नाही. मोठं पाहिजे तर उन्हाळ्यातलं. त्यासाठी माघाच्या थंडीतच घरात, उबेला ठेवून बियांना मोड आणायचे, खापरात रोप करायचं, आणि होळी पेटली की बाहेर लावायचं. थेट जमिनीत टोचलं तर ती जाड सालीची बी थंडीनं कुजूनच जाते.

सासरी आल्यावर मी पुरचुंडी सासूच्या हाती दिली. ती काही बोलायच्या आत सासऱ्यांनी त्यातल्या तीन बिया उचलल्या. "बी मी उगवतो. व्याह्याच्या बीचा जोर तरी पाहू!" आणि कुणाला न सांगता त्यांनी त्या ओल्या फडक्यात बांधून सरकीच्या पोत्यात खोल खुपसल्या. सरकी पोत्यात गरम राहते, हे त्यांचं गणित बरोबर होतं. चुकलं ते एवढंच, की आमच्या घरी रोज संध्याकाळी म्हशीसाठी सरकी भिजत घालायचं काम सासूचं होतं.

तिसऱ्या दिवशी सासरे पोत्यात खांद्यापर्यंत हात घालून चाचपायला लागले. सासूनं विचारलं, "काय हरपलं?"

"बी ठेवलं होतं इथी, फडक्यात."

"ते फडकं? ते तं मी काल टोपल्यातच झटकून फेकलं. मले वाटलं, कापूस वेचनाऱ्या बाईची चिंधी आली."

"अन् आतलं बी?"

सासूनं गोठ्याकडे पाहिलं. म्हैस शांतपणे रवंथ करत होती.

त्या दिवशी जी जुंपली म्हणता! "पोत्यात बी लपवते का कोनी? मी काय देव हाये, मले दिसाले?" "डोळे कायले देल्ले मंग देवानं?" मी चुलीपुढे पदर तोंडात कोंबून बसले होते. हसूही येत होतं आणि रडूही, कारण माझ्या बापाच्या पाचातल्या तीन बिया म्हशीच्या पोटात गेल्या होत्या. सासऱ्यांनी पुढचे चार दिवस शेण उकरून पाहिलं. मला वाटलं, गमतीनं करतात. पण नाही, काडी घेऊन खरोखर शोधत होते. बहुतेक त्यांनाही मनातून लागलं असावं.

उरल्या दोन. सासू म्हणाली, "आता कोनी हात लावू नका. हे बाईचं काम हाये." तिनं बिया रात्रभर कोमट पाण्यात ठेवल्या, मग जुन्या लुगड्याच्या मऊ चिंधीत कापसाबरोबर गुंडाळल्या आणि मला पुढे बोलावलं. "पोट्टीच्या अंगात गरमी असते. माह्या कमरेत आता काय राह्यलं, हाडं! तू बांध." लुगड्याच्या आत, कमरेला, कातडीला लागून ती पुरचुंडी बांधायची. दिवसातून दोनदा पाण्याचं बोट लावून ओली ठेवायची. झोपतानाही सोडायची नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी मोड दिसतो. एकच अट होती. "कावळा शिवाच्या आत काढून दे. विटाळात बी जळते. तुळस जळते, लोनचं नासते, मंग बीची काय कथा."

मी बोटांवर दिवस मोजले. नऊ दिवस हातात होते. मी खुशाल बांधली.

आता काय सांगू, पोटाशी बी बांधून घरातली कामं करणं म्हणजे काय असतं! वाकले की टोचे. दळायला बसले की जीव धाकात, की दाबली तर जाणार नाही ना. मी चालतानाही एक हात कमरेवर ठेवून चालायचे. शेजारच्या बायांना भलताच संशय आला आणि एकीनं तर सासूला येऊन विचारलंच, "कितवा?" सासू म्हणाली, "दुसरा दिवस." ती बाई जी गोंधळून गेली, तिनं पुन्हा आठ दिवस विचारलं नाही.

आणि नेमका त्याच दिवशी, सात दिवस आधी, मला कावळा शिवला.

मी न्हाणीत उभी होते. सांगितलं, तर बिया उकिरड्यावर जाणार. बाप खोटा तो खोटाच राहणार, आणि मी जन्मभर दोन माणसांच्या कोहळ्याची सून म्हणून मिरवणार. विटाळच लपवावा, तर स्वयंपाक माझ्या हाती, देवघर माझ्या हाती. एवढं मोठं पाप करायची छाती मला नव्हती. मग मी मधलं पाप केलं. बाहेर येऊन लांबूनच सांगितलं, "आत्याबाई, मी दूर बसली."

सासू दाण्यांतून खडे निवडत होती. तिनं मान वर केली. "अन् बी?"

"सकाळीच काढून ठेवलं. देवळीत हाये." देवळी म्हणजे आमच्या खोलीच्या भिंतीतला कोनाडा. मी तोंड न फिरवता सांगितलं. आयुष्यात एवढं सफाईदार खोटं मी पुन्हा कधी बोलले नाही. बी कमरेलाच होती.

सासू उठली आणि आमच्या खोलीत गेली. थोड्या वेळानं ती बाहेर आली, पदरानं हात पुसले, पुन्हा खडे निवडायला बसली. मला वाटलं, हुश्श, दुसऱ्याच कामाला गेली असेल.

दूर बसायची आमची जागा म्हणजे मागची कापसाची खोली. एका कोपऱ्यात पोतं अंथरलेलं, बाजूला कापसाचा ढीग. तीन दिवस कामाला सुट्टी, म्हणून मला एरवी ते दिवस आवडायचे. या खेपेला मात्र जीवाला चैन नव्हती. मी पोटाशी पाय घेऊन बसले होते. मनात येई, आता जळली असेल. आता काळी पडली असेल. चिंधी उघडून पाहायची हिंमत होईना. मी त्या बियांशी बोलायचे, खरंच सांगते. म्हणायचे, "मायबाईहो, तुमचा काई गुन्हा नाई, माहाच हाये. तुमी उगवा, पाप माह्या नावावर."

त्या तीन दिवसांत एक गोष्ट वेगळी झाली. एरवी दूर बसलेल्या बाईला गार पाण्याचा लोटा मिळायचा. या वेळी सासूनं दोन्ही वेळा दाराशी कोमट पाणी आणून ठेवलं. थंडी पडली म्हणून अंगावर घ्यायला जुनी घोंगडीही सरकवली. मला वाटलं, म्हातारी आज मऊ झाली. मी ते पाणी थोडं पीत असे आणि बाकीच्यात बोट बुडवून चिंधी ओली करत असे.

चौथ्या दिवशी पहाटे न्हायला उठले. अंगावरचं सगळं धुवायचं, म्हणजे पुरचुंडी सोडावीच लागणार. देवाचं नाव घेऊन चिंधी उलगडली. कापसात दोन्ही बिया टुमटुमीत फुगल्या होत्या, आणि टोकाशी दोघींना पांढरे मोड आले होते, चांगले करंगळीच्या पेराएवढे. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

न्हाऊन झाल्यावर मला एक सुचलं. आपण न्हालो, मग यांनाही न्हाऊ घालावं. दोघींवर गोमूत्राचे दोन थेंब शिंपडले, स्वच्छ कापसात घेतलं आणि धावत जाऊन देवळीत ठेवलं. मग हाका मारल्या, "आत्याबाई, मोड आले! मामाजी, मोड आले!"

सासरे अर्धी दाढी केलेले तसेच आले. सासूनं बी तळहातावर घेऊन निरखली. मग देवळीत हात घालून पाहिला आणि म्हणाली, "लयच गरम दिसते वं तुही देवळी."

"हो," मी म्हणाले. पायाखालची जमीन गरम झाली होती ती निराळी.

फुटक्या मडक्यांच्या बुडांत जुनं शेणखत आणि माती भरून आम्ही त्या लावल्या. दिवसा खिडकीतल्या उन्हात, संध्याकाळी चुलीच्या कडेला. आठ दिवसांत टोपी फेकून दोन दोन पानं वर आली. होळी झाली तसं न्हाणीचं पाणी जातं तिथं आळं करून बाहेर लावली. एक रोप दुसऱ्याच दिवशी शेजारच्या शेळीनं खाल्लं. मी त्या शेळीच्या मालकिणीला काय काय बोलले, ते लिहिण्यासारखं नाही. उरलं एक.

रोज सकाळी उठून मी आधी त्या वेलाकडे जायचे. विटाळाची बी, आज ना उद्या जळणार, हे मला शाळेतल्या पाढ्यासारखं पक्कं ठाऊक होतं. वेल मात्र जळायला तयार नव्हता. तो सासऱ्यांच्या खाटेखालून गेला, गोठ्यावर चढला, पिवळ्याजर्द फुलांनी भरला. पहिलं फळ धरलं तेव्हा सासऱ्यांनी बाकीची सगळी खुडली आणि एकच ठेवलं. त्याच्याखाली गवताची चुंबळ घातली. दर चार दिवसांनी चुंबळ मोठी करावी लागे. वैशाखात ते म्हशीच्या डोक्याएवढं होतं, जेठात बसलेल्या वासराएवढं झालं. कारंज्याच्या बाजारातून परतणारे लोक गाडी थांबवून पाहायला येत. आणि सासरे ओसरीवर बसून सांगत, "बी व्याह्याचं, पन करनी आमच्या घरची. आमच्या घरी शिवाशिव लय कडक. पाक हातानं लावलं का असंच येते." मी आत पदर तोंडाशी धरून उभी. सासू शांतपणे सुपारी कातरत बसलेली.

तेव्हापासून माझ्या मनातली एक भीती गेली, हे खरं सांगायला हवं. पुढे मी दूर बसत राहिले, रीत म्हणून, पण आपण हात लावला की जग जळतं, यावर माझा विश्वास राहिला नाही. तो विश्वास त्या वेलानंच मोडला.

मिरगाच्या आधी बापाला सांगावा गेला. तो आला तो थेट न्हाणीमागं. कोहळ्याला हात लावला नाही, नुसता उभा राहिला. सासऱ्यांना अजूनही खुमखुमी होतीच. त्यांनी धोतर खोचलं, वाकले, दोन्ही हातांनी मिठी मारली आणि जोर केला. कोहळं जागचं हललं नाही. पुन्हा जोर केला, तोंड लालबुंद झालं. मग त्यांनी बाजेची दोरी आणली, झोळी केली, तीत दांडा ओवला. एक टोक स्वतःच्या खांद्यावर घेतलं, दुसऱ्या टोकाला माझा बाप. दोघं म्हातारे कण्हत कुथत ते ओसरीपर्यंत घेऊन आले. खाली ठेवल्यावर सासऱ्यांनी घाम पुसला आणि शेजारपाजारच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "व्याहीबुवा, दोन मानसं लागली. मी हरलो."

बापानं माझ्याकडे पाहिलं, आणि मी स्वयंपाकघरात पळाले, कारण मला रडू आवरेना.

कोहळ्यावर पहिला घाव आमच्याकडं बाई घालत नाही, गड्यानंच घालायचा असतो. तो मान सासऱ्यांनी बापाला दिला. मग सासूनं आणि मी चिरलं, शिजवलं, गूळ आणि कणीक घालून बोंडं तळली. लेकीला मूल झाल्याशिवाय बाप तिच्या घरचं पाणी पीत नसे, ही तेव्हाची रीत. बाप म्हणाला, "बी माहं, मंग बोंडंबी माह्याच घरचे," आणि सात बोंडं खाल्ली. पाणी प्यायला मात्र शेजाऱ्याच्या विहिरीवर गेला.

बिया सासूनं राखेत चोळून, वाळवून मडक्यात ठेवल्या, आणि मडकं उंदरांपासून दूर शिंक्यावर टांगलं.

पुढचा माघ आला. एके सकाळी सासूनं मला आत बोलावलं. हातात मऊ चिंधी होती, आणि तीत पाच फुगलेल्या बिया. "घे, बांध."

दिवस अगदी जवळ होते. या वेळी खोटं बोलायचं नाही, असं मी ठरवलं होतं. "आत्याबाई, नका. दोन-तीन रोजांत मी दूर बसन."

"माईत हाये मले. म्हनूनच आज बांधून राह्यली." तिनं माझा पदर बाजूला केला आणि स्वतःच पुरचुंडी माझ्या कमरेला लावून गाठ मारायला लागली. "मागल्या साली मी देवळी पाह्यली होती. रिकामी होती."

तिनं गाठ ओढून पाहिली, पक्की आहे ना.

"यंदा बसली का सांग मले," ती म्हणाली. "म्हंजे मागल्या सालावानीच पानी गरम करून ठेवीन."